गाडीतली खरखर

२००५च्या हिवाळ्यातली गोष्ट. मिशिगनहून भाच्याचा फोन आला. इकडे रात्रीचे साडेनऊ, तिकडे सकाळचे अकरा.

"मामा, गाडीत उपग्रह रेडिओ बसवला. पैसे वाचवायला घरीच बसवला. गाणी छान येतात, पण इंजिन चालू केलं की मागे बारीक शिट्टी ऐकू येते. रेस केली की शिट्टी पण चढते. उपग्रहावरच्या रेडिओला खरखर नसते म्हणतात ना?"

मी काही इंजिनियर नव्हे. पण रेडिओ म्हटला की आमच्या घरात विचारणा माझ्याकडे होते, कारण लहानपणापासून जुने संच खोलून बिघडवायचा मला नाद. भाच्याचे ऐकता ऐकता मला आठवली ती आमच्या थोरल्या बंधूंची फियाट. फोंड्याहून मडगावला जाताना बोरीचा चढ लागला, की पणजी केंद्रावरचे नाट्यगीत खरखरीत बुडून जायचे. उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय सुटला की पुन्हा वर यायचे. भावाने रेडिओवाल्याला शिव्या घातल्या. शेवटी एका म्हाताऱ्या मेकॅनिकने बॉनेट उघडले, दोन मिनिटे कान देऊन उभा राहिला आणि म्हणाला, "रेडियो बरो आसा. गाडीच उलयता."

रेडिओ ठीक आहे, गाडीच बोलते आहे! यातले शास्त्र मला पुष्कळ वर्षांनी कळले. १८८०च्या दशकात हाइनरिख हर्ट्झने रेडिओलहरी पहिल्यांदा निर्माण केल्या त्या दोन धातूंच्या फटीत विजेची ठिणगी पाडून. मार्कोनीची सुरुवातीची यंत्रेही ठिणगीवरच चालत. आता पेट्रोल गाडीचा स्पार्क प्लग म्हणजे तरी काय? फटीत पडणारी ठिणगी. म्हणजे गाडीचे इंजिन हे एक लहानसे मार्कोनी केंद्रच झाले. मिनिटाला हजारो ठिणग्या पाडत ते सगळ्या पट्ट्यांवर एकदमच बडबडत असते, आणि त्याच्यापासून दोन हातांवर आपण रेडिओ ठेवून म्हणतो, दूरचे गाणे ऐकव!

हे संकट अंगावर घेतले शिकागोच्या पॉल गॅल्विनने. त्याचा कारखाना १९२८ सालचा. पुढच्याच वर्षी अमेरिकेत मंदी आली आणि धंदा बुडायची वेळ आली. मोटारीत बसेल असा परवडणारा रेडिओ काढला तरच निभाव लागेल हे त्याने ओळखले. बिल लिअर आणि एल्मर वेव्हरिंग हे दोन तरुण कामाला लागले. त्यांना रेडिओ बनवण्यापेक्षा गाडीला गप्प करणेच जड गेले. प्रत्येक स्पार्क प्लगवर आणि डिस्ट्रिब्युटरवर विजेला अडवणारे सप्रेसर, जनरेटरवर कंडेन्सर, तारांवर धातूची जाळी असे एकेक आवाजाचे तोंड बांधत ते गेले. जून १९३०मध्ये अटलांटिक सिटीला रेडिओ कारखानदारांचे संमेलन भरले. गॅल्विनकडे तिथे दुकान मांडायला जागा नव्हती. त्याने आपली स्टुडबेकर बाहेर उभी केली आणि रेडिओ मोठ्याने लावून जाणाऱ्या-येणाऱ्यांना ऐकवला. ऑर्डरी मिळाल्या. या रेडिओला त्याने नाव दिले मोटोरोला. पुढे कंपनीनेच ते घेतले.

किंमत होती एकशे दहा ते एकशे तीस डॉलर, तेव्हा नवी फोर्ड पाच-साडेपाचशे डॉलरला मिळत असताना! शिवाय बसवणे म्हणजे गाडीची शस्त्रक्रियाच. एरियलसाठी छताचे अस्तर फाडायचे आणि बॅटऱ्यांसाठी पाटाखाली जागा करायची.

एक तोंड बांधले की दुसरे उघडे पडायचे. इंजिन गप्प झाल्यावर लोकांच्या लक्षात आले की उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडली तरी कोरड्या रस्त्यावर खरखर येतेच. ती येत होती चाकांतून. रबरी टायर रस्त्यावर घासून त्यांच्यावर स्थिर वीज साठते आणि पुढच्या चाकाच्या बेअरिंगमधले ग्रीस तिला नीट वाट देत नाही. मग चाकाच्या टोपणात बारीक स्प्रिंग बसवून त्या विजेला रस्ता करून दिला. टायरच्या ट्यूबमध्ये खास भुकटी घालायचीही पद्धत निघाली. रेडिओ दुरुस्तीवाला चाकाचे टोपण काढून बसलेला पाहून तेव्हाच्या गिऱ्हाइकाला काय वाटले असेल?

हे झाले गाडीच्या खरखरीचे. आभाळाची खरखर वेगळी, आणि ती आम्हा गोवेकरांना सांगायला नको. मृगाचे ढग गडगडायला लागले की मध्यम लहरींवर काय ऐकू येते ते आपण जाणतोच. अमेरिकेत बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत कार्ल जान्स्की ही आभाळाची खरखर कुठून येते ते तपासत होता. जवळची वादळे आणि दूरची वादळे वजा केल्यावर एक बारीकशी सूं उरली. १९३३ साली त्याने सांगितले की ती आकाशगंगेच्या मध्यातून येते आहे. रेडिओ खगोलशास्त्राचा जन्म असा खरखरीच्या तक्रारीतून झाला.

त्याच वर्षी २६ डिसेंबरला न्यूयॉर्कच्या एडविन आर्मस्ट्राँगला एफएमचे पेटंट मिळाले. या माणसापाशी जरा थांबायला हवे. आरसीए कंपनीचा डेव्हिड सार्नोफ हा त्याचा मित्र. खरखर घालवणारी एखादी लहानशी पेटी कर, असे सार्नोफ त्याला म्हणत असे. आर्मस्ट्राँगने पेटी केली नाही, त्याने रेडिओच बदलला. लहरीची उंची कमी-जास्त करून आवाज पाठवण्याची तोवरची रीत होती. वीज आणि ठिणग्या नेमक्या त्या उंचीवरच घाव घालतात. आर्मस्ट्राँगने आवाज ठेवला लहरीच्या कंपनसंख्येत. मग उंचीवर कितीही ओरखडे पडोत, संच ते छाटून टाकतो. नोव्हेंबर १९३५मध्ये त्याने इंजिनियरांच्या सभेत हे दाखवले. दूरवरच्या केंद्रात कुणी पेल्यात पाणी ओतले, कागद फाडला, आणि सभागृहात त्याचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

पण सार्नोफला पेटी हवी होती. जुन्या पद्धतीत आरसीएचा पैसा गुंतला होता आणि पुढे टेलिव्हिजन यायचा होता. मैत्री आटली. १९४५ साली सरकारने एफएमची पट्टीच वर सरकवली आणि लोकांनी घेतलेले सगळे संच एका फटक्यात निकामी झाले. १९४८मध्ये आर्मस्ट्राँग आरसीएविरुद्ध कोर्टात गेला. पाच वर्षे खटला रेंगाळला. पेटंटांची मुदत संपली, पैसा संपला, घर मोडले. १९५४च्या जानेवारीअखेर एका रात्री त्याने ओव्हरकोट चढवला, हातमोजे घातले आणि तेराव्या मजल्याच्या खिडकीतून उडी घेतली.

त्याची बायको मॅरियन ही एके काळी सार्नोफचीच सेक्रेटरी होती. १९२३ साली लग्नाची भेट म्हणून आर्मस्ट्राँगने तिला हातात धरून नेता येईल असा रेडिओ बनवून दिला होता. नवऱ्याच्या मागे तिने खटले सोडले नाहीत. आरसीएशी तडजोड झाली, मग एकेक करून बाकीच्या कंपन्या नमल्या. शेवटपर्यंत अडून बसली ती मोटोरोला! मॅरियन तो खटला जिंकली १९६७ साली. ठिणगीचे तोंड बांधून ज्या कंपनीने नाव कमावले, तिनेच खरखर मुळापासून उपटणाऱ्याच्या विधवेला तेरा वर्षे झुंजवावे, याचे मला कधीच नीट उत्तर सापडलेले नाही. धंदा, म्हणायचे आणि पुढे जायचे.

भाच्याचा रेडिओ त्याच्याही पुढचा. अमेरिकेत १९९७ साली उपग्रह रेडिओच्या लहरींचा लिलाव झाला. एक्सएम ही सेवा सप्टेंबर २००१मध्ये आणि सिरियस फेब्रुवारी २००२मध्ये सुरू झाली. २००८ साली दोन्ही एक झाल्या. इथे आवाज अंकांत येतो. अंक पोचले तर गाणे स्वच्छ, नाही पोचले तर शांतता. उपग्रहाकडून खरखर येऊच शकत नाही. मग भाच्याची शिट्टी कुठली?

ती होती शेवटच्या दोन हातांतली. त्या काळच्या बहुतेक गाड्यांच्या रेडिओला बाहेरचा आवाज आत घ्यायला भोकच नसे. म्हणून लोक उपग्रहाच्या संचाला कॅसेटच्या आकाराचा जोड लावत, किंवा एक चिमुकले एफएम प्रक्षेपक घेऊन गाडीच्याच रेडिओवर ते लावत. भाच्याने आधी हे दुसरे करून पाहिले होते. मोठ्या गावात शिरला की तिथले केंद्र त्याच्या गाण्यावर चढून बसे. म्हणून आता तारेने जोडले होते.

फोनवर मी त्याला म्हटले, इंजिन बंद ठेवून नुसती किल्ली फिरव. शिट्टी गेली. म्हणजे अल्टरनेटर. तो तीन फेजची उलटसुलट वीज करतो, डायोड तिला सरळ करतात, पण थोडी लाट उरतेच. गाडीचा रेडिओ एका जागी अर्थ केलेला आणि नवा संच दुसऱ्या जागी, तर त्या दोन जागांत अगदी किंचित फरक पडतो आणि ती लाट आवाजाच्या तारेतून वाट काढते. दोन्हींच्या काळ्या तारा एकाच ठिकाणी आण, रंग खरवडून लखलखीत पत्रा दिसेपर्यंत घास, मग स्क्रू आवळ. एरियलची तार विजेच्या तारेबरोबर गुंडाळू नको. एवढ्यानेही नाही भागले तर बाजारात लहानसा ट्रान्सफॉर्मर असलेला जोड मिळतो, तो आवाजाच्या तारेत घाल.

त्याने स्क्रू लावला होता रंगवलेल्या पट्टीवर! वर मिशिगनमध्ये बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने खालच्या पत्र्याला गंज. आमच्याकडे खारा वारा तेच करतो. घासल्यावर शिट्टी थांबली. आणि गंमत पहा, मोटारीत अल्टरनेटर आणणाऱ्यांत एल्मर वेव्हरिंगच होता, १९३०मध्ये गाडीला गप्प करणारा.

त्या चिमुकल्या प्रक्षेपकांचे पुढे काय झाले? २००६ साली सरकारी तपासणीत त्यांतली कित्येक मर्यादेपेक्षा जोरात बोलतात असे निघाले. हॉवर्ड स्टर्न हा शिवराळ निवेदक त्याच जानेवारीत सिरियसवर गेला होता. सार्वजनिक रेडिओवर गंभीर चर्चा ऐकत चाललेल्या सभ्य श्रोत्यांच्या गाडीत शेजारच्या लेनमधून हा बाबा शिरू लागला. कंपन्यांना ते संच दुरुस्त करावे लागले.

भारतात उपग्रह रेडिओ आला तो वर्ल्डस्पेसचा. मार्च २००० मध्ये एशियास्टार उपग्रह सोडला गेला. शास्त्रीय संगीताच्या गंधर्व वाहिनीसाठी तो घेणारे दर्दी गोव्यातही होते. पण तो गाडीत बसवायची सोय इथे नव्हती. त्याचा चपटा एरियल आग्नेयेच्या आभाळाकडे रोखून ठेवावा लागे. पावसाने फारसे बिघडत नसे, पण माड आड आला की गवई मध्येच गप्प. अमेरिकेत शहरांत जमिनीवरचे मनोरेही तोच आवाज पुरवत, म्हणून धावत्या गाडीत तो तुटत नसे. आपल्याकडे ते मनोरे उभे राहिले नाहीत. कंपनीचे दिवाळे निघाले आणि ३१ डिसेंबर २००९ला इथली सेवा बंद झाली.

भाच्याने अलीकडे विजेची गाडी घेतली. तिच्यात ठिणगी नाही, पण मोटारीला वीज पुरवणारा इन्व्हर्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो आणि मध्यम लहरी पुन्हा खरखरतात. म्हणून काही कंपन्यांनी अशा गाड्यांतून एएम रेडिओच काढून टाकला. संकटकाळी दूरच्या खेड्यांत तोच पोचतो अशी ओरड झाली आणि २०२३ साली अमेरिकी संसदेत तो सक्तीचा करण्याचे विधेयक आले. भाच्याला विचारले, तुझ्या गाडीत आहे का? तो गाडीत जाऊन बघून आला. म्हणाला, "मामा, बटनच नाही."