लेणी आपली म्हणतो, मग ती वाचायला कोण शिकणार?

१९३४ साली चळवळीतल्या काही सहकाऱ्यांनी बाबासाहेबांना म्हटले, तुम्ही बरोबर येणार असाल तर आपण सहलीला जाऊ. बाबासाहेब तयार झाले. काही झाले तरी वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, असे ठरले. सुमारे तीस जणांचा हा जथा निजामाच्या राज्यात दौलताबादच्या किल्ल्यापाशी पोहोचला. अंगावर प्रवासाची धूळ होती, म्हणून दारातल्या हौदावर हातपाय धुतले. लगेच हौद बाटवला म्हणून जमाव अंगावर आला. शेवटी किल्ला पाहू दिला, पण आत कुठे पाण्याला हात लावू नये म्हणून हत्यारबंद शिपाई सोबत देऊन. बाबासाहेबांनीच हा प्रसंग लिहून ठेवला आहे.

हा प्रसंग आपण अस्पृश्यतेचा दाखला म्हणून सांगतो, आणि तो आहेच. पण धम्मदीक्षेच्या बावीस वर्षे आधी आपली माणसे वेळ आणि पैसा काढून बौद्ध लेणी पाहायला निघाली होती, हे सांगायला विसरतो.

आज आपण हजारोंनी लेण्यांवर जातो. वंदना घेतो, फोटो काढतो, 'आमचा वारसा' म्हणून पोस्ट टाकतो. पण वस्तीतली एखादी मुलगी बारावीनंतर म्हणाली की मला बी.ए.ला कलेचा आणि वास्तूंचा इतिहास शिकायचा आहे, तर घरचे विचारतात, "त्याने पोट भरेल का?" कार्यकर्ते सांगतात, कायदा घे, स्पर्धा परीक्षा दे. मित्रांनो, हा सल्ला चळवळीला महाग पडतो आहे.

दान कोणाचे?

ब्राह्मी लिपी वाचायला लोक विसरले होते. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपला तिची किल्ली सापडली ती राजाच्या आज्ञेत नाही. सांचीच्या कठड्यांवर शेकडो छोटे लेख होते आणि बहुतेकांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येत होती. हा शब्द 'दानं' असावा, असे त्याने ताडले आणि लिपी उलगडली. ज्यांच्या छोट्या छोट्या दानांमुळे ही लिपी पुन्हा बोलू लागली, ते गृहस्थ, बाया, भिक्षुणी आणि कारागीर होते. तिथल्याच दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी आपले काम नोंदवून ठेवले आहे.

आपल्याकडे कार्ल्याला या. चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर धेनुकाकट गावच्या एका सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचे दान कोरलेले आहे. त्याच गावच्या सामी नावाच्या सुताराने दरवाजा घडवल्याची नोंद आहे. आत मान वर करून पाहा, छताच्या लाकडी कमानी आजही जागेवर आहेत. दगडात चैत्य कोरणाऱ्यांनी सुताराच्या कामाचा नमुना समोर ठेवला होता, हे तिथे डोळ्यांना दिसते. जुन्नरच्या लेखांत कासार आणि बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणी भेटतात. नाशिकला उषवदाताने विणकरांच्या श्रेणीकडे २००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले, महिना शेकडा एक व्याजाने. त्या व्याजातून भिक्षूंना चीवर मिळायचे. म्हणजे विणकरांच्या संघटनेकडे एवढी पत होती की राजाचा जावई तिच्याकडे पैसे ठेवत होता.

कष्टकऱ्यांना इतिहास नाही, असे ज्यांना वाटते त्यांना यापेक्षा मोठे उत्तर कोणते? पण ते द्यायला लिपी यावी लागते, तलविधान काढता यावे लागते, एका लेण्याचा खांब दुसऱ्याच्या खांबाशी ताडून काळ ठरवता यावा लागतो. पदवीच्या तीन-चार वर्षांत हेच शिकवतात.

नाव कोणी ठेवले?

नाशिकच्या डोंगराला शिलालेखांत 'तिरण्हु' म्हणजे त्रिरश्मी म्हटले आहे. लोक म्हणतात पांडवलेणी. तिथल्या एकाही दानलेखात ही लेणी पांडवांनी कोरल्याचे लिहिलेले नाही. लेण्याद्रीचे ७ क्रमांकाचे लेणे अष्टविनायकांपैकी गिरिजात्मजाचे स्थान म्हणून प्रसिद्ध आहे. सभामंडप म्हणून भाविक जिथे बसतात, त्याच्या कडेने भिक्षूंच्या वीस खोल्या आहेत. शेजारच्या ६ क्रमांकाच्या लेण्यात स्तूप उभा आहे. बौद्ध विहाराची रचना ज्याने अभ्यासली आहे त्याला इथे घोषणा द्यावी लागत नाही. तो नकाशा पुढे ठेवतो.

आता आपल्याही घरात डोकावू. व्हॉट्सॲपवर रोज फिरते की अमुक देऊळ स्तूपच होते, तमुक मूर्ती बुद्धाचीच आहे. काही ठिकाणी ते खरे निघेल, काही ठिकाणी साफ खोटे. वेरूळला ३४ लेणी आहेत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. १६ क्रमांकाचे कैलास राष्ट्रकूटांच्या काळात कोरलेले शिवमंदिर आहे. तेही आपलेच असे आपण ठोकून दिले की समोरचा आपल्या खऱ्या बारा लेण्यांवरही हसायला मोकळा होतो. खोटा दावा खऱ्या पुराव्याची किंमत घालवतो.

अडचणीचा शिलालेख

नाशिकच्याच ३ क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध लेख आहे. लेणे भिक्षुसंघाला दिले आहे. पण त्याच लेखात तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याची स्तुती करताना, त्याने चार वर्णांचा संकर थांबवला, असे अभिमानाने म्हटले आहे. उषवदातही आपल्या लेखात ब्राह्मणांना दिलेल्या गाई आणि गावे मोजून दाखवतो.

हे वाचून नजर चोरायची का? मी म्हणतो, हाच लेख आपण सर्वांत जास्त अभ्यासला पाहिजे. संघाला लेणे देणारी राजसत्ता वर्णव्यवस्थेचे गुणगानही करत होती. राजाचे दान आणि सुताराचे दान एका मापाने मोजता येत नाही, हे इथे कळते. राजाश्रय म्हणजे समता नव्हे, हा धडा आजच्या राजकारणालाही लागू आहे.

आपण बांधले त्याचा इतिहास

हा विषय दोन हजार वर्षांपूर्वी संपत नाही. १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते नागपूरच्या दीक्षाभूमी स्तूपाचे उद्घाटन झाले. वास्तुरचनाकार शिवदान मल. नमुना सांचीचा, पण सांचीचा स्तूप आतून भरीव आहे, त्याला बाहेरून प्रदक्षिणा घालायची. दीक्षाभूमीचा घुमट पोकळ आहे, त्याखाली माणसे एकत्र उभी राहतात. ज्यांना शतकानुशतके दाराबाहेर उभे केले त्यांनी स्तूप आतून उघडा केला. माझ्या मते आधुनिक भारतातल्या वास्तूंत हा फार मोठा बदल आहे. कलेच्या इतिहासाच्या किती वर्गांत तो शिकवला जातो?

१९६७ साली संसदेच्या आवारात ब्रह्मेश वाघ यांनी घडवलेला बाबासाहेबांचा पुतळा उभा राहिला. सूट, हातात संविधान, पुढे केलेले बोट. हे रूप गावोगाव कसे पोहोचले, निळा रंग कसा आला, चौकाचौकातल्या मूर्तिकारांनी त्यात काय बदलले? या प्रतिमांवर गॅरी टार्टाकोव्ह या अमेरिकन कला-इतिहासकाराने संशोधन केले, त्याबद्दल कृतज्ञता आहेच. पण ज्या पुतळ्याखाली आपण लहानाचे मोठे झालो त्याचा इतिहास लिहायला आपल्या वस्त्यांतून किती जण पुढे आले?

आणि पोटाचा प्रश्न

तो खोटा नाही. हा विषय घेतला की लगेच नोकरी मिळते, असे मी सांगणार नाही. पदवीनंतर एम.ए. करावे लागेल, पाली-प्राकृत आणि ब्राह्मी शिकावी लागेल. पण पुरातत्त्व खाते, संग्रहालये, वारसा जतनाची कामे, अध्यापन या जागा आहेत, आणि लेण्यापुढचा फलक कोण लिहिणार, पाठ्यपुस्तकात काय जाणार, हे तिथेच ठरते. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये प्राचीन भारतीय संस्कृती हा पदवीचा विषय आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात कलेच्या इतिहासाची पदवी घेता येते. पुढे पुण्याचे डेक्कन कॉलेज आहे, नागपूर विद्यापीठाचा विभाग आहे. ज्या बडोद्यात १९१७ साली बाबासाहेबांना राहायला खोली मिळाली नाही, तिथल्या वर्गात आपल्या मुलांनी पहिल्या बाकावर बसावे.

वकील हवेत, अधिकारी हवेत, यात वाद नाही. पण उद्या एखाद्या लेण्याचा खटला उभा राहिला तर आपल्या वकिलाला विचारावेच लागेल : तज्ज्ञ साक्षीदार कोण? तेव्हा दुसऱ्याच्या दारात जायचे नसेल, तर त्या मुलीला यंदाच प्रवेश घेऊ द्या. पुढच्या वेळी लेण्यावर जाताना मेणबत्तीबरोबर वही आणि मोजपट्टीही न्या.

जय भीम!