'सिकंदर' (१९४१) : ग्रीक विजेत्याची आख्यायिका आणि वसाहतकालीन मुंबईचा युद्धपट

प्रस्तावना :
ग्रीक आख्यायिकेवरील भव्य युद्धपट म्हटला की २००४ चा 'ट्रॉय' आठवतो. होमरच्या 'इलियड'मधील देवांचा हस्तक्षेप वगळून त्याने ते युद्ध मानवी पातळीवर आणले. 'इलियड'ची प्रत जवळ बाळगणारा आणि अकिलीसशी नाते सांगणारा अलेक्झांडर मात्र मुंबईच्या पडद्यावर सहा दशके आधीच अवतरला होता. मिनर्व्हा मूव्हीटोनच्या 'सिकंदर' या चित्रपटाचा इतिहासाचे साधन म्हणून येथे विचार केला आहे.

पार्श्वभूमी :
गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला आणि मुंबईत पौराणिक चित्रपटाची परंपरा रुजली. पारशी रंगभूमीवरून आलेल्या सोहराब मोदी यांनी तिला ऐतिहासिक विषयांची जोड दिली. १९३९ च्या 'पुकार'नंतर त्यांनी 'सिकंदर' निर्माण केला. पृथ्वीराज कपूर सिकंदराच्या, स्वतः मोदी पोरसाच्या, तर पुढे 'श्यामची आई'मुळे मराठी घराघरांत पोहोचलेल्या वनमाला रुखसानाच्या भूमिकेत होत्या.

इतिहास आणि आख्यायिका :
इ.स.पूर्व ३२६ मधील झेलमकाठच्या युद्धाचे आज उपलब्ध असलेले तपशीलवार वृत्तांत ग्रीक-रोमन लेखकांचे असून ते घटनेनंतर काही शतकांनी लिहिलेले आहेत. पराभूत पोरसाने राजाला साजेशा वागणुकीची मागणी केली व ती मान्य झाली, हे प्लुटार्क व अ‍ॅरियन दोघेही सांगतात. चित्रपटाने हा प्रसंग स्वीकारला. पण रुखसाना पोरसाला राखी बांधून पतीच्या जीविताचे अभय मिळवते, या कथेला ग्रीक वृत्तांतांत आधार नाही. ती उत्तरकालीन आख्यायिका आहे. तिचा परिणाम मात्र महत्त्वाचा आहे. जेत्याचे प्राण जिताच्या वचनावर अवलंबून राहतात आणि रणांगणावर हरलेला पोरस नैतिकदृष्ट्या विजयी ठरतो.

समकालीन संदर्भ :
सप्टेंबर १९३९ मध्ये भारतीय नेत्यांना न विचारता देशाला महायुद्धात ओढण्यात आले. मुंबईतील खेर मंत्रिमंडळासह काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. ऑक्टोबर १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रह सुरू झाला. अशा वेळी परकीय आक्रमकापुढे मान न झुकविणारा राजा आणि पुढे जाण्यास नकार देणारे आक्रमकाचेच सैन्य पडद्यावर दिसले. मुंबईच्या सेन्सॉर मंडळाने संमत केलेल्या या चित्रपटावर पुढे लष्करी छावण्यांतील काही चित्रपटगृहांत बंदी आली. जुन्या युद्धाच्या कथेतील वर्तमान शासनाने अचूक ओळखला होता.

निष्कर्ष :
इ.स.पूर्व ३२६ साठी 'सिकंदर' हा विश्वसनीय पुरावा नव्हे; १९४१ च्या मानसिकतेसाठी तो निश्चित पुरावा आहे. ऐतिहासिक चित्रपटातील चुकांची यादी करून थांबणारे अध्यापन हा पुरावा गमावते. कोणती आख्यायिका, कोणत्या काळी आणि कोणासाठी निवडली गेली, हे प्रश्न विचारले तरच वर्गात दाखविलेला युद्धपट इतिहासाचे साधन ठरतो. अन्यथा राखीची कथा विद्यार्थ्यांच्या मनात इतिहास म्हणूनच रुजते.