दूधवाल्याच्या नोंदीची कुळकथा

दुधात पाणी घालतात म्हणून दूधवाल्याला परवाना घ्यावा लागतो, असा सर्वसाधारण समज आहे. पाण्यासाठी कायदे झाले, हे खरेच. इंग्लंडच्या 1875च्या कायद्याने निरीक्षकाला नमुना विकत घेऊन त्याचे तीन भाग करायला लावले: एक विक्रेत्याला, एक तपासनीसाला, एक स्वतःजवळ. आपल्या 1954च्या भेसळविरोधी कायद्यातही हीच तीन भागांची रीत होती. पण विक्रेत्याची नोंद हवी, हे सुचले ते साथीच्या रोगांमुळे.

1857 साली इंग्लंडमधल्या पेनरिथ गावात मायकेल टेलर या डॉक्टरांनी विषमज्वराचे रोगी आणि त्यांच्या घरी येणारे दूध यांचा संबंध जोडला. दूध काढणाऱ्या बाईच्याच घरात रोगी होता. 1870 मध्ये लंडनच्या इस्लिंग्टन भागात आरोग्याधिकारी एडवर्ड बॅलर्ड यांनी घरोघर विचारत फिरून साथीचा माग एका गोठ्यापर्यंत नेला. रोगजंतू अजून कोणी दाखवले नव्हते. हाती होती ती फक्त रतिबाच्या घरांची यादी. या चिकाटीला माझ्या लेखी प्रयोगशाळेतल्या शोधाइतकेच मोल आहे. कारण कुणाचे दूध कुठे जाते हे लिहिलेलेच नसेल, तर साथ थांबवायची कुठे?

म्हणून इंग्लंडमध्ये 1879चा आदेश आला आणि 1885 मध्ये तो अधिक कडक झाला. गोठेवाला आणि दूधविक्रेता यांनी स्थानिक संस्थेकडे नाव नोंदवायचे, गोठ्यात हवा, उजेड, सांडपाण्याची वाट ठेवायची, संसर्गजन्य रोग झालेल्याने धारेला बसायचे नाही. माणसांच्या साथींसाठीचा हा आदेश निघाला तो मात्र जनावरांच्या रोगांच्या कायद्याखाली! आदेशात एक मोठी उणीवही होती. नोंद मागितली की द्यावीच लागे. गोठा कितीही गलिच्छ असला तरी नाव नाकारायचा किंवा यादीतून काढायचा अधिकार 1922च्या कायद्याने मिळाला. तोवर क्षयाने पोखरलेल्या गाईंचे दूध मुलांच्या पोटात जातच होते.

मुंबईने याच घराण्यातला परवाना घेतला. महापालिकेच्या 1888च्या कायद्यात दूधविक्रीच्या परवान्याचे कलम पुढे आले. पण दाटीवाटीच्या वस्तीतल्या तबेल्यांपुढे कागद अपुरा पडला, आणि 1949 मध्ये आरे वसाहत उभी करून म्हशीच शहराबाहेर हलवायला सुरुवात झाली. मला तो उपाय परवान्याहून शहाणपणाचा वाटतो.

आता भारतभर, 2011 पासून, अन्नसुरक्षा कायद्याखाली लहान विक्रेत्याला नोंदणी आणि मोठ्याला परवाना लागतो. दोन्हींचा क्रमांक 14 अंकी असतो; नोंदणीचा 2 ने, परवान्याचा 1 ने सुरू होतो. रतीब लावताना तो नक्की विचारा.