तायबरच्या खोऱ्यातील नाईक यशवंत घाडगे

पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीतील यशवंत घाडगे हे तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे सुपुत्र, हुद्द्याने नाईक, म्हणजे एका लहान रायफल तुकडीचे प्रमुख होते. इटलीत तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी मशीनगनच्या माऱ्याने त्यांचे सर्व सहकारी ठार वा जायबंदी झाले, तेव्हा त्यांनी एकट्यानेच मोर्चावर झेप घेऊन हातबॉम्बने मशीनगन व ती चालवणारा नष्ट केला आणि टॉमीगनने आणखी एकाला टिपले. मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, बदलण्याइतकी उसंत नव्हती, म्हणून बंदूक नळीकडून धरून तिच्याच प्रहारांनी त्यांनी उरलेल्या दोघांना लोळवले, आणि या शौर्याचे खरे तेज त्या रिकाम्या बंदुकीतच दिसते. लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते तेथेच कोसळले. ब्रिटिश साम्राज्याचा सर्वोच्च लष्करी सन्मान, व्हिक्टोरिया क्रॉस, त्यांना मरणोत्तर मिळाला.