यंत्र मालविण्याची रीत

यंत्रें सुरू कशीं झालीं याचे इतिहास पुष्कळांनीं लिहिले आहेत. तीं बंद कशीं करावयाचीं, या प्रश्नालाही स्वतःचा एक इतिहास आहे, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. आज मी जो विषय घेतला आहे तो संगणकाचा. आणि तोही नव्या, भारी किंमतीच्या संगणकाचा नव्हे, तर घराच्या कोपऱ्यांत दहा-पंधरा वर्षें काढलेल्या जुन्या संगणकाचा. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोजच्या दहाव्या आवृत्तीचा नित्याचा आधार तिच्या कर्त्यांनीं काढून घेतला, आणि आमच्या कराडांत काय किंवा सांगली-साताऱ्यास काय, अनेक घरांतील धडधाकट यंत्रें एका दिवसांत म्हातारीं ठरलीं. अशा यंत्रावर घरांतील एखादा जाणता मुलगा लिनक्सची हलकी आवृत्ति बसवितो. यंत्र पुन्हां चालूं लागतें, आजोबांचीं पत्रें व नातवंडांचा अभ्यास त्यावर होऊं लागतो. परंतु रात्रीं बंद करावयास जावें तों पडदा काळा होतो, पंखा घरघरत राहतो आणि दिवा कांहीं विझत नाहीं. मग घरांतील कर्ता पुरुष उठून भिंतीवरील बटण खटकन् बंद करतो. या खटक्यांत धोका कोणता आणि तो आला कोठून, हें पाहावयाचें आहे.

प्रथम एक विलक्षण गोष्ट सांगतों. अमेरिकेंतील एनिॲक हा प्रचंड संगणक सुमारें १८,००० निर्वात नळ्यांचा होता. नळ्या तापतांना व निवतांनाच अधिक फुटतात, असा अनुभव आल्यामुळें त्याच्या चालकांनीं तो बंदच करावयाचा नाहीं असें ठरविलें. १९४७ च्या जुलैपासून २ ऑक्टोबर १९५५ पर्यंत तो जवळजवळ अखंड जळत होता, आणि मग कायमचा विझला. म्हणजे प्रारंभीच्या काळांत बंद करण्याच्या अडचणीवर उपाय एकच होता: बंद न करणें! घरगुती विजेचें देयक भरणाऱ्यास हा उपाय परवडणार नाहीं, हें उघड आहे.

पुढें निर्वात नळ्या गेल्या, परंतु अडचण गेली नाहीं. तिनें रूप मात्र बदललें. १९६९ मध्यें बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्सन यांनीं युनिक्स ही प्रणाली आरंभिली व डेनिस रिची यांनीं तिला हातभार लावला. या प्रणालींत वेग साधण्यासाठीं एक युक्ति योजिली होती. ती मी माझ्या मुलांना ज्या दृष्टान्तानें सांगत असें, त्याच दृष्टान्तानें सांगतों. मास्तर हिशेब पाटीवर करतो, आणि सवड मिळेल तसा तो वहींत उतरवितो. पाटीवर लिहिणें झटपट होतें, वहींत लिहिण्यास वेळ लागतो. संगणकाची चल-स्मृति ही पाटी आणि तबकडी ही वही. वीज गेली कीं पाटी पुसली जाते, वही राहते. परंतु त्याच क्षणीं मास्तर वहींत अर्धी ओळ उतरवून थांबला असेल, तर? तर हजेरींत नांव आहे पण इयत्ता नाहीं, इयत्ता आहे पण नांव नाहीं, असा घोटाळा होऊन बसतो. युनिक्समध्यें पाटीवरील मजकूर वहींत उतरविण्याचें काम दर तीस सेकंदांनीं आपोआप होत असे. आणि त्याआधींच तें करवून घ्यावयाचें असल्यास ‘सिंक’ अशी आज्ञा होती.

या आज्ञेसंबंधीं जुन्या चालकांत एक रूढि होती. यंत्र थांबविण्यापूर्वीं ते ‘सिंक’ हा शब्द एकामागून एक तीन वेळां टंकीत. नव्या मंडळींना ही निव्वळ श्रद्धा वाटे. वास्तविक आज्ञा केवळ ‘उतरविण्यास प्रारंभ कर’ इतकेंच सांगून परत येई; काम पुरें झालें कीं नाहीं याची वाट पाहत नसे. दुसरी व तिसरी ओळ टंकण्यांत जो वेळ जाई, तेवढ्यांत तबकडीचें काम आटोपे. कुलूप लावून पुन्हां दोनदां ओढून पाहणाऱ्या आपल्याकडील गृहिणीला जे हंसतात, त्यांनीं हें लक्षांत ठेवावें.

लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें १९९१ मध्यें लिनक्स जगापुढें ठेविलें, त्यांत युनिक्सची ही पाटी-वहीची रीत तशीच आली. १९९३ मधील ‘एक्स्ट-टू’ या तबकडी-व्यवस्थेंत अवेळीं वीज गेली, तर पुढच्या वेळीं सबंध तबकडीची ओळीनें तपासणी करावी लागे, आणि तबकडी मोठी असल्यास ती तपासणी लांबतच जाई. २००१ च्या नोव्हेंबरांत ‘एक्स्ट-थ्री’ लिनक्सच्या गाभ्यांत समाविष्ट झाली. तिच्यांत रोजनिशी होती: अमुक बदल करणार आहें, असें आधीं रोजनिशींत लिहावयाचें व मग तो करावयाचा. मध्येंच वीज गेली तरी पुढच्या वेळीं रोजनिशी वाचून व्यवस्था सांवरतां येई.

या सुधारणेचें मोल आम्हां कराडकरांना कोणी समजावून सांगावयास नको. कोयना आमच्या कृष्णेला प्रीतिसंगमावर येऊन मिळते. तिच्या धरणावर महाराष्ट्राची मोठी वीज उभी आहे. आणि तरीही या शतकाच्या पहिल्या दशकांत भारनियमनाचे तास आम्हीं घड्याळ लावून मोजले. ज्या नदीच्या पाण्यावर मुंबईचे दिवे लागतात, तिच्या कांठीं मुलानें कंदील घेऊन अभ्यास करावा, ही विसंगति आमच्या पिढीनें डोळ्यांनीं पाहिली आहे. असो. त्या दिवसांत शाळेंतील संगणक दिवसाकाठीं एकदां तरी असा अपघातानें मरत असे. एक गोष्ट मात्र ध्यानांत ठेवावी: रोजनिशीनें वहीची बांधणी वांचते. अर्धें लिहिलेलें व न जतन केलेलें पत्र तिनें वांचत नाहीं.

येथवर मजकुराची गोष्ट झाली. आतां विजेकडे वळूं. जुन्या घरगुती संगणकांचें बटण सरळ विजेच्या वाटेवर असे. तें दाबलें कीं वीज तुटे. म्हणूनच १९९५ सालची विंडोज शेवटीं ‘आतां संगणक बंद करण्यास हरकत नाहीं’ अशा अर्थाची पाटी दाखवून माणसाच्या बोटाची वाट पाही. त्याच वर्षीं इंटेलनें एटीएक्स हा नवा आराखडा आणिला. त्यांत बटण वीज तोडीत नाहीं, केवळ विनंती करतें. खरी वीज तोडण्याचा अधिकार प्रणालीच्या हातीं आला. हा अधिकार वापरावयाचा कसा, याचे नियम आधीं १९९२ च्या एपीएम या करारांत व पुढें डिसेंबर १९९६ च्या एसीपीआय या करारांत घालून दिले गेले. दुसरा करार इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनीं मिळून केला. त्यानुसार प्रत्येक कारखानदार आपल्या यंत्रांत एक कोष्टक ठेवितो, आणि वीज तोडण्याची कृति त्यांत लिहिलेली असते. पुष्कळ कारखानदारांनीं हें कोष्टक विंडोजवर चालतें एवढें पाहिलें आणि हात झटकले. लिनक्सच्या वांट्याला आलेल्या तक्रारींपैकीं कित्येकांचें मूळ येथें आहे, आणि दोष मात्र लिनक्सला दिला जातो. हा अन्याय आहे, असें मला वाटतें.

बंद होण्याचा क्रम थोडक्यांत असा. प्रथम प्रत्येक चालू कार्यक्रमास ‘आवरा’ अशी सभ्य सूचना जाते. न ऐकणाऱ्यास कांहीं वेळानें सक्तीनें उठविलें जातें. मग पाटीवरील सर्व कांहीं वहींत उतरतें, तबकडी सोडविली जाते, आणि अखेर कोष्टकांतील आज्ञेनें वीज तुटते. पोफळीच्या भूमिगत वीजगृहांतही फिरतें चक्र एकदम थांबवीत नाहींत. पाण्याची वाट क्रमानें आवळीत जातात. एकदम आवळली तर पाण्याचा दणका नळाला बसतो.

म्हणून यंत्र बंद होत नसेल तर पहिला प्रश्न विचारावा तो हा कीं, तें या क्रमांत कोठें अडलें? त्यासाठीं आरंभींच्या ओळींतील ‘क्वाएट’ व ‘स्प्लॅश’ हे दोन शब्द काढून टाकावे. शोभेचा पडदा दूर होतो आणि शेवटचें वाक्य डोळ्यांनीं वाचतां येतें. तबकडी सुटण्यापूर्वींच अडलें, तर बहुधा एखादा कार्यक्रम हट्ट धरून बसलेला असतो. २०१० मध्यें निघालेल्या सिस्टिमडी या व्यवस्थेंत अशा हट्टी कार्यक्रमासाठीं नव्वद सेकंद थांबण्याचा परिपाठ आहे, आणि तेवढ्यांत माणूस कंटाळून भिंतीकडे धांवतो! दुसऱ्या यंत्रावरील जोडलेली तबकडी असेल आणि जाळें आधींच बंद झालें असेल, तरीही असेंच होतें. सिस्टिमडी असल्यास ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञेनें मागच्या वेळचा वृत्तांत काढून अपराधी ओळखतां येतो. मात्र तो वृत्तांत तबकडीवर ठेवण्याची सोय आधीं केलेली असली पाहिजे.

सर्व कांहीं सुटलें, शेवटचें वाक्य उमटलें, आणि तरीही पंखा चालू राहिला, तर दोष कोष्टकाचा समजावा. येथें एक गंमत पुष्कळदां घडते. जुन्या यंत्रावर लिनक्स बसतांना अडलें म्हणून कोणीतरी आरंभींच्या ओळींत ‘एसीपीआय=ऑफ’ असें लिहून ठेवितो व तें विसरून जातो. ज्याच्या हातीं वीज तोडावयाची, त्यालाच रजा दिल्यावर दिवा विझेल कसा? तो शब्द काढून पाहावा. उलट फार जुन्या यंत्राचें कोष्टक लिनक्स आपण होऊन बाजूला ठेवतें, तेथें ‘एसीपीआय=फोर्स’ लिहून पाहावें. आणि तिसरा प्रकार म्हणजे यंत्र बंद होऊन लगेच जागें होतें. एटीएक्स यंत्र विझल्यावरही थोडी वीज आंत वाहत असते, आणि जाळ्याचें कार्ड किंवा कळफलक त्यास हांक मारूं शकतो. ती सोय मूळ मांडणींत जाऊन बंद करावी.

हलक्या आवृत्त्यांच्या आणखी कांहीं तऱ्हा आहेत. ऑस्ट्रेलियांतील बॅरी कॉलर यांनीं २००३ मध्यें काढलेली पपी लिनक्स सबंध पाटीवरच राहते. पहिल्यांदा बंद करतांना ‘हें सारें कोठें जतन करूं?’ असें ती विचारते. घाईनें ‘नको’ म्हटलें कीं दिवसभराचें काम गेलें. अँटीएक्स ही आवृत्ति सिस्टिमडीवांचून चालते, त्यामुळें तेथें नव्वद सेकंदांचा प्रश्नच येत नाहीं. याबाबत मला सर्वांत आवडलेली योजना मात्र लहान मुलांसाठीं झाली. २००७ मध्यें रायगड जिल्ह्यांतील खैराट गांवच्या एकशिक्षकी शाळेंत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या संस्थेचे हिरवे-पांढरे संगणक आले. त्यांत २५६ मेगाबाइट चल-स्मृति, फिरत्या तबकडीऐवजीं एक गिगाबाइटची अचल स्मृति, आणि फेडोरा लिनक्सवर रचलेली ‘शुगर’ नांवाची मांडणी होती. शुगरमध्यें ‘जतन करा’ असें मुलाला कोणी म्हणत नसे. केलेलें काम आपोआप रोजनिशींत उतरे. विसरणें हा मुलांचा धर्म आहे, हें रचनाकारांनीं ओळखलें होतें. पस्तीस मुलांच्या वह्या तपासलेला कोणीही शिक्षक या शहाणपणास मान डोलावील.

राहतां राहिला तो प्रसंग, जेव्हां सगळेंच गोठतें आणि माउसची खूणही हलत नाहीं. तेव्हांही भिंतीच्या बटणाआधीं एक वाट आहे. ‘ऑल्ट’ व ‘सिस-आरक्यू’ (ही कळ बहुधा ‘प्रिंट स्क्रीन’वरच असते) या दोन कळा दाबून धराव्या आणि आर, ई, आय, एस, यू, ओ हीं अक्षरें सावकाश, एकेकामध्यें कांहीं सेकंद सोडून, दाबावीं. कळफलक ताब्यांत येतो, कार्यक्रमांना सूचना व मग सक्ती होते, तबकडी लिहिण्यास बंद होते, आणि ‘ओ’ वर वीज तुटते. ‘ओ’ ऐवजीं ‘बी’ दाबल्यास यंत्र पुन्हां सुरू होतें. कांहीं आवृत्त्यांत यांपैकीं मोजक्याच अक्षरांना परवानगी असते, तेव्हां ती आधींच तपासून ठेवावी. या ओळींतील चौथें अक्षर ‘एस’ म्हणजे ‘सिंक’. तें येथें एकदांच दाबलें तरी चालतें. पण पुढचें अक्षर दाबण्याची घाई करूं नये.