फेरतपासणीचं चोरलेलं नाव

फ्रान्समध्ये एकेकाळी ‘रेव्हिजिओनिस्त’ हे मानाचं बिरुद होतं. १८९४ साली कॅप्टन द्रेफ्यूस या ज्यू अधिकाऱ्याला हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली शिक्षा झाली. त्या खटल्याची फेरतपासणी करा म्हणून जे हटून बसले, त्यांचं हे नाव.

हेच नाव पुढे भलत्यांनी उचललं. डिसेंबर १९७८मध्ये ‘ल माँद’ या दैनिकाने रोबेर फोरिसाँ यांचं एक पत्र छापलं. हे गृहस्थ लिओंच्या विद्यापीठात साहित्य शिकवत. नाझींची गॅस चेंबर्स ही निव्वळ अफवा, असं त्यांचं म्हणणं. आणि स्वतःला ते म्हणवत रेव्हिजिओनिस्त!

इतिहासकारांची खरी पंचाईत इथे झाली. फेरतपासणी हा तर त्यांचा रोजचा धंदा. नाझींच्या ऑशविट्झ छळछावणीत ४० लाख माणसं मारली गेली, असं सोव्हिएत आयोगाने सांगितलं होतं. संशोधकांनी कागदपत्रं चाळून हा आकडा सुमारे ११ लाखांवर आणला. याला म्हणतात फेरतपासणी. निष्कर्ष आधी ठरवून पुरावा भिरकावून देणाऱ्यालाही तेच नाव कसं द्यायचं?

१९८७ साली इतिहासकार आंरी रूसो यांनी दुसऱ्या महायुद्धात नाझींशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या विशी राजवटीच्या स्मृतीवरच्या आपल्या पुस्तकात वेगळा शब्द घडवला: ‘नेगासिओनिस्म’. नकारासाठीच्या फ्रेंच शब्दाला ‘वाद’ जोडला, एवढंच. मराठीत ‘नकारवाद’ म्हणता येईल. पण चोरलेली वस्तू त्यातून मूळ मालकाकडे परत गेली.

शब्द रुळतो न रुळतो तोच कायदा आला. १९९०च्या गेसो कायद्याने असा नकार गुन्हा ठरवला आणि पुढच्याच वर्षी फोरिसाँ यांना दंड झाला. या कायद्याला ठाम विरोध करणाऱ्यांत होते इतिहासकार पिएर विदाल-नाके. त्यांचे आईवडील ऑशविट्झला नेले गेले, ते परतलेच नाहीत. फोरिसाँ यांचं लिखाण मुद्देसूद खोडून काढणारे हेच. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्कींनी फोरिसाँच्या भाषणस्वातंत्र्याची बाजू घेतली, तेव्हा चॉम्स्कींवर तुटून पडणारेही हेच. तरीही इतिहासातलं सत्य न्यायाधीशाने ठरवू नये, यावर ते अडून राहिले. डिसेंबर २००५मध्ये १९ जणांनी असले कायदे मागे घ्या, असं निवेदन काढलं. त्याखाली विदाल-नाके यांचीही सही आहे.