चांदबिबीचा महाल, जो चांदबिबीचा नाही

आजचा भाग एका दुरुस्तीने सुरू करतो. मागे एकदा मी बोलता बोलता "चांदबिबीचा महाल" म्हणून गेलो होतो. या दिवाळीत माझा चुलतभाऊ दुबईहून नगरला येतोय, सोबत त्याची नऊ वर्षांची मुलगी. ती बुर्ज खलिफाच्या १२४व्या मजल्यावर जाऊन आलीये. फोनवर मला विचारते, "काका, तुमच्याकडे असं वरून बघायला काय आहे?" मी म्हटलं, आहे ना, चांदबिबीचा महाल! तर तिचा पुढचा प्रश्न, "म्हणजे ती तिथे राहायची?" आणि तिथे मी अडकलो.

कारण तो महाल नाही. ती कबर आहे, आणि चांदबिबीची नाही.

आपलं नगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर. शहरातून भिंगारमार्गे पाथर्डी रस्त्याला लागलं की साधारण १३ किलोमीटरवर शाह डोंगर. माथ्यावर काळ्या दगडाची, आठ बाजूंची, तीन मजली इमारत. उंची सुमारे ७० फूट. ही बांधली दुसऱ्या सलाबतखानाने, स्वतःसाठी, जिवंतपणी. तो मुर्तजा निजामशाहचा वजीर. मुर्तजा म्हणजे चांदबिबीचा भाऊ. नात्याचा धागा आहे तो एवढाच.

मुर्तजाला लोक 'दिवाणा' म्हणायचे. इतिहासकार फरिश्ता त्या काळी नगरच्या दरबारातच होता, त्याने एक किस्सा लिहून ठेवलाय. राजाच्या मर्जीतल्या एका नर्तकीने विजयनगरच्या लुटीतले दोन मौल्यवान हार मागितले. राजा म्हणाला, देऊन टाका. सलाबतखानाला खजिना असा उधळणं पटेना, त्याने गुपचूप नकली हार पाठवले. ते उघडकीला आलं. राजाने सगळं जडजवाहीर एका दालनात मांडायला लावलं आणि त्याला आग लावून निघून गेला! हे असं घर सांभाळणारा वजीर म्हणजे सलाबतखान. शहराजवळचा फराहबाग महालही त्याच्याच देखरेखीखाली १५८३ मध्ये पुरा झाला. पुढे राजाने त्यालाच कैदेत टाकलं. हातात सत्ता होती, प्रतिकार करता आला असता, पण तो मुकाट गेला. १५८८ मध्ये मुर्तजाला त्याच्याच मुलाने मारलं. १५८९ मध्ये सलाबतखान वारला आणि डोंगरावरच्या आपल्या जागी पोचला.

मग नाव चांदबिबीचं कसं पडलं? माझा अंदाज साधा आहे, तिची गोष्ट जास्त मोठी आहे. १५९५ च्या शेवटी अकबराचा मुलगा मुराद नगरच्या किल्ल्याला वेढा घालून बसला. सुरुंगाने तट फुटला. चांदबिबी स्वतः तलवार घेऊन खिंडारापाशी उभी राहिली आणि रातोरात तट परत उभा केला. मोगलांना तह करावा लागला, त्यात वऱ्हाड गेला पण किल्ला राहिला. १६०० मध्ये तिच्याच माणसांनी तिला मारलं आणि किल्ला पडला. आता सांगा, उंचावर एखादी इमारत दिसली तर माणूस तिला कोणाचं नाव देईल? हिशेब सांभाळणाऱ्या वजिराचं? माझे वडील आजही चांदबिबीचाच महाल म्हणतात आणि मी त्यांना टोकणार नाही. पण नऊ वर्षांच्या पोरीला खोटं सांगायचं नाही, असं मी ठरवलंय.

आता माझा आवडता भाग. गावात सांगतात की मूळ बेत सात मजल्यांचा होता, वरून दौलताबाद दिसावं म्हणून. इंजिनिअर माणूस, मी लगेच गणित करायला बसलो. उंची मीटरमध्ये घ्यायची, वर्गमूळ काढायचं, ३.५७ ने गुणायचं, की क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते येतं. नगर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर, डोंगराचा माथा ३,०८० फूट म्हणजे ९४० च्या आसपास. फरक २९० मीटर. क्षितिज आलं ६१ किलोमीटर. दौलताबादची टेकडी साधारण २०० मीटर, तिचे ५० धरा. बेरीज १११. आणि सरळ रेषेत अंतर आहे जवळपास १०५!

म्हणजे मध्ये दुसरी टेकडी आली नाही आणि हवा काचेसारखी असली, तर नुसत्या डोंगरावरूनच टोक दिसायला हवं. तीन मजल्यांनी क्षितिज दोन किलोमीटर पुढे सरकतं. सातही मजले बांधले असते तरी त्यावर आणखी तीनच. वर्गमूळ फार कंजूष असतं. बुर्ज खलिफाचा तो १२४वा मजला सुमारे ४५० मीटरवर आहे, तिथलं क्षितिज ७६ किलोमीटर. आपल्या डोंगरापेक्षा १५ च जास्त, तेही तिकीट काढून. (आणि 'बुर्ज' म्हणजे आपला बुरूजच बरं का. शब्द अरबी, आपण कधीच घरचा करून टाकलाय.)

मग सात मजले कशाला हवे होते? मला वाटतं, ते बघायला नव्हते, दिसायला होते.

तर आमचा बेत असा. पावसाळा नुकताच संपलेला, हवा धुतलेली, म्हणून दिवाळीचीच वेळ बरी. पहाटे साडेपाचला घरातून निघायचं. गाडी जवळजवळ वरपर्यंत जाते, त्यामुळे वडिलांच्या गुडघ्यांना त्रास नाही. ते खालीच कट्ट्यावर बसतील. भिंतीतल्या अरुंद जिन्याने पोरीला मी वर नेणार, मोबाईलचा टॉर्च लावून. आधी पश्चिमेला किल्ला शोधायचा आणि चांदबिबीची गोष्ट तिकडे बोट करून सांगायची. मग खाली तळघरातल्या कबरीपाशी येऊन सलाबतखानाची. आणि मध्ये कधीतरी, ईशान्य-उत्तरेला तोंड करून, शेजाऱ्यांकडून मागून आणलेली दुर्बीण लावायची. दौलताबाद दिसलं तर पुढच्या भागात फोटो टाकतो. नाही दिसलं तरी सांगतो.